गेमरच्या नजरेतून ऑनलाइन कॅसिनो : परवाना परदेशाचा, जोखीम खेळाडूची

एखाद्या व्हिडिओ गेममध्ये दुर्मिळ शस्त्र किंवा पात्र हाती लागण्याची शक्यता किती, हे अनुभवी गेमरला बहुधा तोंडपाठ असते. कोणत्या अद्ययावत आवृत्तीत कोणता नियम बदलला, कोणत्या पेटीतून काय निघते, यावर गेमरांमध्ये तासन्‌तास खल चालतो. अशा गेमरसमोर जेव्हा ‘आंतरराष्ट्रीय परवानाप्राप्त’ असे बिरुद मिरवणारा ऑनलाइन कॅसिनो येतो, तेव्हा त्याला तेथील वातावरण परके वाटत नाही. पातळ्या, दैनंदिन मोहिमा, बक्षिसांच्या पेट्या, गुणतक्ते, झगमगते ॲनिमेशन आणि विजयाचा घंटानाद हे सारे त्याच्या परिचयाचे असते. ही ओळखच त्याला एकाच वेळी सावध करू शकते आणि फसवूही शकते. गेमिंगमधून आलेली कोणती समजूत कॅसिनोत उपयोगी पडते, कोणती घातक ठरते आणि त्या परदेशी परवान्याचा भारतातील खेळाडूला प्रत्यक्षात किती आधार असतो, हे तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

पेटीपासून पटापर्यंत

गेमिंग आणि जुगार यांच्यातील सीमारेषा पुसट होण्याची सुरुवात कॅसिनोने नव्हे, तर गेम उद्योगानेच केली. पैसे देऊन घ्यायची, पण आत काय आहे ते उघडल्यावरच कळणारी ‘लूट बॉक्स’ ही पेटी गेल्या दशकात अनेक लोकप्रिय खेळांत आली. जपानने २०१२ मध्येच ‘कोम्पू गचा’ या प्रकाराला आळा घातला. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस, असे त्याचे स्वरूप होते. चीनने २०१७ पासून अशा पेट्यांतील शक्यतांची टक्केवारी जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातील पेट्यांवरून जगभरच्या गेमरांनी रान उठवले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही नामांकित खेळांतील सशुल्क पेट्या देशाच्या जुगार कायद्याचा भंग करतात, असा निष्कर्ष काढला.

‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात तर पेटीतून निघणाऱ्या शस्त्रांच्या सजावटींना, म्हणजे ‘स्किन’ना, बाजारभाव आला. त्या स्किन पणाला लावून जुगार खेळवणारी त्रयस्थ संकेतस्थळे उभी राहिली. खेळाची निर्माती कंपनी वाल्व्हने २०१६ मध्ये अशा संकेतस्थळांना व्यवहार थांबवण्याच्या नोटिसा बजावल्या. चीनमधील नियमामुळे पुढे त्या पेट्यांची टक्केवारीही उघड झाली. सर्वांत दुर्मिळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे सरासरी चारशे पेट्यांत एखादीच. ज्याने या पेट्या उघडल्या आहेत, त्याला स्लॉट यंत्राचे फिरते चक्र नवे वाटण्याचे कारण नाही.

‘आता तरी लागेल’ हा भ्रम

मात्र एका बाबतीत गेमरचा अनुभव त्याची दिशाभूल करतो. अनेक गचा प्रकारच्या खेळांत ‘पिटी’ म्हणून ओळखली जाणारी दयेची तरतूद असते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता प्रत्येक प्रयत्नाला ०.६ टक्के आहे. तथापि, नव्वदाव्या प्रयत्नापर्यंत असे काहीच मिळाले नाही, तर पंचतारांकित बक्षीस निश्चित दिले जाते. ही तरतूद नसती तर काय झाले असते, हे साध्या गणिताने कळते. केवळ ०.६ टक्क्यांच्या भरवशावर नव्वद प्रयत्न करणाऱ्या शंभर खेळाडूंपैकी सुमारे ५८ जण रिकाम्या हाताने परतले असते.

कॅसिनोत ही दया नसते. रूलेटचे चक्र किंवा स्लॉटचा डाव मागच्या डावाची आठवण ठेवत नाही. सलग पन्नास डाव हरलेल्या खेळाडूची एक्कावन्नाव्या डावातील शक्यता पहिल्या डावाइतकीच असते. ‘इतके हरलो, आता लागायलाच हवे’ ही भावना जुगाराइतकीच जुनी आहे. गेमरच्या बाबतीत तिला त्याच्या प्रत्यक्ष अनुभवाचे बळ मिळते, कारण त्याच्या खेळात ती खरोखरच खरी ठरलेली असते.

दुसरा भ्रम सरावाचा. नेमबाजीच्या वा रणनीतीच्या खेळात शंभर तास घालवलेला खेळाडू पहिल्या दिवसापेक्षा निश्चितच सरस होतो. स्लॉट किंवा रूलेटमध्ये शंभर तासांनी खेळाडूचे कौशल्य तसूभरही वाढत नाही. वाढतो तो फक्त एकूण लावलेल्या पैशांचा आकडा.

टक्केवारीमागचे गणित

परवानाप्राप्त कॅसिनो अनेकदा ‘परतावा दर’ जाहीर करतात. ९६ टक्के परतावा म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी दीर्घकाळात सरासरी ९६ रुपये खेळाडूंना परत आणि चार रुपये कॅसिनोला. आकडा वरकरणी उदार वाटतो. परंतु हा दर खिशातील रकमेवर नव्हे, तर प्रत्येक डावावर लागू होतो, आणि जिंकलेले पैसे पुन्हा पणाला लागत राहतात.

दर सहा सेकंदांना एक याप्रमाणे दहा रुपयांचा डाव खेळला, तर तासाभरात सहाशे डाव होतात आणि एकूण सहा हजार रुपये पणाला लागतात. त्यावर चार टक्क्यांनी सरासरी तोटा २४० रुपये. वेग दुप्पट केला की तोटाही दुप्पट. डाव किती मोठा यासोबतच तो किती वेगाने खेळला जातो, हेही म्हणूनच महत्त्वाचे असते. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले आणि आपोआप डाव खेळवणारी सोय बंद केली, त्यामागचे कारण हेच. २०२५ पासून तेथे एका डावाची कमाल रक्कमही प्रौढांसाठी पाच पौंड आणि १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड अशी मर्यादित करण्यात आली आहे.

रूलेटचे गणित तर बोटांवर मोजण्याजोगे आहे. युरोपीय चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले, तर ३,७०० रुपये गुंततात. जिंकणाऱ्या एका घराचे, मूळ रकमेसह, ३,६०० रुपये मिळतात. शंभर रुपये कॅसिनोकडे राहतात, म्हणजे २.७० टक्के. यात कोणतीही लबाडी नाही. खेळ पूर्णपणे प्रामाणिक असूनही निकाल दीर्घकाळात एकाच बाजूला झुकलेला असतो.

स्वागत बोनसलाही हेच माप लावता येते. हजार रुपयांचा बोनस काढून घेण्यापूर्वी त्याच्या ३५ पट डाव खेळण्याची अट असेल, तर खेळाडूला ३५ हजार रुपये पणाला लावावे लागतात. चार टक्क्यांच्या हिशेबाने सरासरी तोटा १,४०० रुपये. भेट हजाराची आणि तिची किंमत चौदाशेची, असा हा सौदा ठरतो. खेळांच्या दुकानातील आभासी चलनाचा भाव क्षणात हेरणाऱ्या गेमरने अटींचे पान त्याच चिकित्सेने वाचले, तर हा सौदा त्याच्याही लक्षात येईल.

परवाना म्हणजे नेमके काय?

परदेशी परवाने सगळे एका मापाचे नसतात. भूमध्य समुद्रातील माल्टा या छोट्या देशाने २००४ मध्ये ऑनलाइन जुगारासाठी स्वतंत्र नियमावली केली आणि या उद्योगाचे मोठे केंद्र म्हणून नाव मिळवले. खेळाडूंच्या ठेवींचे संरक्षण, खेळांची तांत्रिक तपासणी आणि तक्रारींची दखल यांचे नियम तेथे आहेत. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर मात्र नव्वदच्या दशकापासून मोजक्या ‘मुख्य परवानाधारकां’नी पुढे असंख्य उपपरवाने वाटण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यामुळे देखरेख कुणाची, हा प्रश्न कायम अनुत्तरित राहत असे. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा लागू करून त्या बेटाने ही पद्धत मोडीत काढली आणि थेट परवाने देण्यास सुरुवात केली.

चांगल्या परवान्यामुळे काही गोष्टी निश्चित साधतात. निकाल ठरवणारी संगणकीय संख्याप्रणाली स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासली जाते. जाहीर केलेला परतावा दर कागदोपत्री उपलब्ध असतो. आभासी चलनावर चालणारे काही कॅसिनो ‘सिद्ध करता येणारी निष्पक्षता’ असा दावाही करतात. यात निकालाच्या बीजाची सांकेतिक ठशासारखी खूण डावाआधीच दाखवली जाते आणि नंतर मूळ बीज उघड केले जाते. दोन्ही जुळतात का, हे खेळाडू स्वतः पडताळू शकतो. तंत्रप्रेमी गेमरला ही योजना साहजिकच आकर्षक वाटते. पण तिने सिद्ध होते ते इतकेच की, डाव मध्येच बदलला गेला नाही. कॅसिनोचा ठरलेला वाटा त्यामुळे कमी होत नाही आणि जिंकलेली रक्कम हाती पडेलच, याची हमीही मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अधिकारक्षेत्राचा आहे. ब्रिटनने २०१४ च्या कायद्याने कंपनी कोठेही असो, ब्रिटिश ग्राहकाला सेवा द्यायची तर ब्रिटिश परवाना हवाच, असे तत्त्व स्वीकारले. म्हणजे कंपनीचे कार्यालय कोठे आहे यापेक्षा खेळाडू कोठे बसला आहे, हे निर्णायक मानले गेले. उलट माल्टाने २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, तेथील परवान्यानुसार चाललेल्या व्यवसायाविरुद्ध परदेशी न्यायालयांनी दिलेल्या काही निकालांची अंमलबजावणी नाकारण्याची सोय केली. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील खेळाडू हरलेले पैसे परत मागण्यासाठी न्यायालयात जात असताना ही दुरुस्ती झाली. युरोपीय संघातील नागरिकाची ही स्थिती असेल, तर नागपूर, इंदूर किंवा बेळगावच्या खेळाडूने त्या परवान्यावर किती भिस्त ठेवावी, हे उघड आहे.

भारतात काय स्थिती?

भारतात परदेशी परवान्याने कॅसिनोला कायदेशीर मान्यता मिळत नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले. हा कायदा ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना मान्यता देतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मात्र मनाई करतो, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. परदेशातून भारतात चालवल्या जाणाऱ्या सेवाही त्याच्या कक्षेत येतात. अशी सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बँका व पेमेंट कंपन्यांनाही असे व्यवहार पार पाडण्यास मनाई आहे. खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. तथापि राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. तमिळनाडूच्या २०२२ च्या कायद्यात खेळाडूसाठीही शिक्षेची तरतूद आहे.

मराठी वाचकाला परवान्याची मर्यादा समजण्यासाठी माल्टापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनो चालतात, ते गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांच्या आधारे. तोच परवाना शेजारच्या सावंतवाडीत निरुपयोगी ठरतो. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला होता. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. एका राज्याचा परवाना सीमेपलीकडे चालत नसेल, तर सात समुद्रांपलीकडचा परवाना मोबाइलच्या पडद्यावरून आपोआप लागू कसा होईल?

व्यवहारात याचा अर्थ असा की, खाते गोठवले गेले, रक्कम अडकली किंवा ओळखपत्रांचा गैरवापर झाला, तर भारतीय खेळाडूला दाद मागण्यासाठी जवळपास जागा उरत नाही. लॉटरी वा तत्सम सोडतींसाठी परदेशात पैसे पाठवण्यास परकीय चलनविषयक नियमांची आधीच आडकाठी आहे. त्यामुळे पैसे त्रयस्थ खात्यांतून किंवा आभासी चलनातून फिरतात आणि खेळाडू नकळत संशयास्पद व्यवहारांच्या साखळीत ओढला जाण्याची भीती असते.

थांबण्याची वेळ ओळखणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार हे दोन्ही, व्यसनाधीन वर्तनाच्या एकाच गटात, स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून रकमा लपवणे, उधार-उसनवारी करणे आणि झोप व कामाकडे दुर्लक्ष होणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. अशा वेळी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदतवाहिनीवर तातडीने तक्रार नोंदवता येते. विलंब जितका कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

गेमरला हरण्याची सवय असते. एखाद्या कठीण टप्प्यावर तो पन्नास वेळा हरतो, प्रत्येक वेळी काही शिकतो आणि एक्कावन्नाव्या वेळी जिंकतो. चिकाटी हाच त्याच्या खेळाचा गाभा आहे. कॅसिनोत मात्र तीच चिकाटी त्याच्याविरुद्ध काम करते, कारण तेथे हरण्यातून शिकण्यासारखे एकच असते, ते म्हणजे उठून निघण्याची वेळ. परवाना कोणत्याही देशाचा असो, हे गणित बदलत नाही.