वडिलोपार्जित खिशांतल्या घड्याळाचा कालनिर्णय

आमच्या घरीं वडिलोपार्जित रुप्याचें एक खिशांतलें घड्याळ आहे. तें दुसऱ्या बाजीरावानें आमच्या पूर्वजांस दिलें, अशी आख्यायिका घरांत चालत आली आहे. तिला आधारभूत असा अस्सल कागद एकही नाहीं. म्हणून घड्याळाचीच साक्ष घेणें प्राप्त झालें.

झांकणाच्या आंतल्या अंगास तीन ठसे आहेत. चालता सिंह हा हजारीं ९२५ भाग शुद्ध रुप्याचा, बिबट्याचें मुख हें लंडनच्या तपासणीचें, व अक्षर हें वर्षाचें द्योतक होय. लंडनास वीस अक्षरांचें एक चक्र असे. गॉथिक वळणाचीं मोठीं अक्षरें इ. स. १८३६ पासून, व लहान अक्षरें १८५६ पासून चालू झालीं. आमच्या घड्याळावर लहान ‘डी’ आहे; अर्थात् साल १८५९-६०.

पेशवाई १८१८ त बुडाली तरी बाजीराव ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत हयात होता, सबब देणगी मागाहूनची असेल, असें कोणी म्हणेल. परंतु हें साल त्याच्या मृत्यूनंतरचें आहे. कवच व यंत्र यांवरील क्रमांक एकच असल्यानें कवच पुढें बदललें असण्याचाही संभव कमी.

सारांश, घराण्याचा एक मान गेला. परंतु खोटी नोंद टळली. संग्राहकांनीं अशीं झांकणें घांसून उजळूं नयेत. ठसा झिजला म्हणजे पुरावाच गेला.