पाहणे खाजगी, काळजी चारचौघांत

२०११च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून तिच्यातील जेमतेम पाचवा हिस्सा शहरी आहे, आणि म्हणूनच अश्लील चित्रफिती हा महानगरी तरुणांचा विषय आहे असे येथे दीर्घकाळ मानले गेले. परंतु सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाईलचा डेटा स्वस्त झाल्यावर या बाबतीत पुणे आणि मेहकर यांच्यात फारसे अंतर उरले नाही. पूर्वी अशी चित्रफीत मिळवायची तर भाड्याची सीडी आणावी लागे किंवा दुकानातून मेमरी कार्ड भरून घ्यावे लागे, म्हणजे निदान एका माणसाच्या नजरेला तरी नजर द्यावी लागे; खामगाव वा चिखलीत शिक्षणासाठी खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला आता तेवढाही संकोच आड येत नाही.

आरोग्यशास्त्र ज्याला ‘जोखमीचे लैंगिक वर्तन’ म्हणते, त्यात नीतीचा निवाडा अभिप्रेत नसतो. कंडोमविना संबंध, एकाच काळात अनेक जोडीदार किंवा नशेत ठेवलेला संबंध अशा, नको असलेल्या गर्भधारणेची वा संसर्गाची शक्यता वाढवणाऱ्या वर्तनाला ती संज्ञा लावतात. चित्रफिती पाहणे आणि असे वर्तन या गोष्टी अनेक पाहण्यांत सोबत आढळल्या आहेत, मात्र त्यांतील बहुसंख्य पाहण्या एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर आधारलेल्या असल्याने एकीमुळे दुसरी घडते असे त्यांवरून ठरत नाही. मुळात साहसाची ओढ असलेला तरुण पाहतोही अधिक आणि धोकाही अधिक पत्करतो, ही शक्यता उरतेच.

जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या समाजशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये मांडलेली ‘लैंगिक संहिते’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते: कोणी, केव्हा, काय करायचे याचा आराखडा माणूस भोवतालातून शिकतो, नाटकातील नटाला संहिता मिळावी तसा. चित्रफितीच्या संहितेत विचारणे नाही, नकार नाही, आणि बहुधा कंडोमही नाही. लॉस एंजेलिस परगण्यातील मतदारांना नोव्हेंबर २०१२मध्ये चित्रीकरणात कंडोम सक्तीचा करणारा नियम कौल देऊन मंजूर करावा लागला. तेथील कलाकारांच्या नियमित तपासण्या कॅमेऱ्यामागे राहतात, आणि प्रेक्षकाच्या हाती फक्त दृश्य येते.

या संहितेला दुसरी संहिता भेटली असती तर गोष्ट निराळी झाली असती. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले; त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. त्यानंतर सात दशकांनी, २००७मध्ये, याच राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवण्यात आला. केंद्राने २०१५मध्ये ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो शिथिल केला; बंदी घालणे शिकवण्यापेक्षा नेहमीच सोपे वाटत आले आहे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील केवळ ३०.७ टक्के पुरुषांना आणि २१.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीविषयी समग्र माहिती असल्याचे आढळले. धडधाकट दिसणाऱ्या व्यक्तीलाही एचआयव्ही असू शकतो, हे ठाऊक असणे त्या माहितीचाच भाग आहे.

चित्रफीत पाहण्याला एकांत मिळाला, पण काळजी घेण्याला मिळाला नाही, हे लहान गावात अधिक जाणवते. तालुक्याच्या बाजारपेठेतील मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा निघतो, म्हणून कंडोम मागणे टळते. मुलीला तर तो मागण्याची कल्पनाही दुर्घट असते. मग आपत्कालीन गोळीवर भिस्त ठेवली जाते, जी गर्भधारणेची शक्यता कमी करते पण संसर्गापासून मुळीच वाचवत नाही. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते व गुप्त ठेवली जाते, आणि गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते; तरीही केस पेपर काढण्याच्या रांगेत कोणी ओळखीचे भेटेल, या धास्तीने पुष्कळ जण दारापर्यंतही पोचत नाहीत. जे घाबरून दुसऱ्याच दिवशी पोचतात त्यांना तपासणी निर्दोष आली तरी पुन्हा यावे लागते, कारण संसर्ग झाल्यावर रक्तात तो दिसू लागण्यास काही आठवडे जातात.