पल्ल्याचा हिशेब

बँकेत असताना लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. या अहवालांतली आकडेमोड सहसा चुकलेली नसे. बेरजा बरोबर, टक्केवारी बरोबर, शेवटी दाखवलेला नफाही त्या हिशेबाने बरोबरच. घोटाळा असायचा तो सुरुवातीच्या एका पानावर, ‘गृहीतके’ या मथळ्याखाली. कारखाना वर्षाचे तीनशे दिवस तीन पाळ्यांत चालेल, वीज जाणार नाही, तयार झालेला माल पडून राहणार नाही, वगैरे. ते पान मी सर्वांत आधी वाचायचो आणि हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवायचो. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने विजेवरची मोटार घेतली, तेव्हा मात्र नेमके तेच पान वाचायचे राहून गेले.

मोटार कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. पुढे जे घडले त्यात दोष माझा होता. जाहिरातीत पल्ला दिला होता साडेचारशे किलोमीटर. पल्ला म्हणजे हल्ली ज्याला सगळे ‘रेंज’ म्हणतात ती. एकदा बॅटरी भरली की गाडी किती जाईल तो आकडा. २०२३ च्या एप्रिलमध्ये माझी थोरली बहीण, आमची आक्का, पुण्याला महिनाभर राहून कोल्हापूरला परत निघाली होती. वय ७६. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर. साडेचारशेत २३० दोनदा बसत नाहीत, पण एकदा आरामात बसून वर निम्मे शिल्लक राहतात, असा हिशेब मी मनाशी मांडला. वाटेत चार्जिंगला कुठे थांबावे लागेल का, असे सौ.ने विचारलेदेखील. मी हसलो.

दुपारी बाराच्या सुमाराला निघालो. रस्त्याच्या रुंदीकरणाची कामे चालू होती ते तुकडे सोडले तर काटा शंभरावर. एसी चालू, मागे आक्का आणि सौ. यांच्या गप्पा. खंबाटकीचा घाट चढून उतरलो, साताऱ्याजवळ आलो आणि सहज पडद्याकडे पाहिले. बॅटरी ४८ टक्के. पुढचा पल्ला १०२ किलोमीटर. कोल्हापूर तिथून १२०.

अशा वेळी माणूस काय करतो? पगार पुरणार नाही असे दिसले की घरात पहिल्यांदा पंखा बंद होतो, तसा मी एसी बंद केला. आणि ‘लवकर पोहोचू’ म्हणून वेग तसाच ठेवला. बाहेर ३९ अंश. काचा उघडल्या तर गरम वारा तोंडावर येई, बंद केल्या तर आत भट्टी. उंब्रजच्या अलीकडे मागच्या गप्पा थांबल्या. थोड्या वेळाने सौ. म्हणाली, “अहो, गाडी बाजूला घ्या. आक्का बोलत नाहीत.”

रस्त्याकडेच्या रसवंतीत आक्काला आडवे केले. रसवंतीवाल्याने न सांगता डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, मिठाचे पाणी आणून दिले. तिला उलटी झाली. कराडला एका डॉक्टरांकडे सलाइन लावले, तीन तास ठेवून घेतले. डॉक्टरांनी विचारले, “गाडीत एसी नव्हता का?” मी ‘होता’ म्हणालो. पुढे त्यांनी काही विचारले नाही आणि मलाही काही सांगता आले नाही.

त्या रात्री कोल्हापुरात झोप लागली नाही. नंतर कितीतरी दिवस मी कागद-पेन्सिल घेऊन बसत होतो. बँकेतल्या माणसाला दुसरे येते काय?

गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची, त्यातली वापरायला मिळतात साधारण ३८. युनिट म्हणजे आपल्या घरच्या विजेच्या बिलात असते तेच. ही युनिटे कोण खाते ते पाहायला गेलो तर दोन प्रकारचे खाणारे निघाले. एक किलोमीटरच्या हिशेबाने खातो, दुसरा तासाच्या हिशेबाने. रस्त्याशी होणारे टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध हे किलोमीटरवाले. एसी तासावाला, गाडी धावो की सिग्नलला उभी राहो, त्याचे मीटर चालूच. कर्जावरचे व्याज जसे रविवारीही चढते, तसे.

किलोमीटरवाल्यांत हवा हा मोठा सावकार आहे. सायकलवरून समोरच्या वाऱ्याला तोंड देत गेलेल्या कुणालाही तो माहीत आहे. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीचे शंभर केले म्हणजे वेग पाव पटीने वाढला. हवेचा विरोध वाढला ५६ टक्क्यांनी. टायरचे घर्षण फारसे बदलत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून खर्च सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. माझ्या गाडीचे वजन-आकार धरून ढोबळ हिशेब केला तो असा: शंभराच्या वेगाने, एसी चालू ठेवून, किलोमीटरला ०.१८ युनिट. ऐंशीच्या वेगाने, एसी चालू ठेवूनच, ०.१४. आणि शंभराने एसी बंद करून ०.१६७.

साताऱ्याला माझ्याजवळ उरली होती १८ युनिटांहून किंचित जास्त. आता भागाकार करा. शंभराने, एसी बंद करून, गाडी गेली असती ११० किलोमीटर. म्हणजे आक्काला उन्हात भाजून काढूनही कोल्हापूरच्या दहा किलोमीटर अलीकडे मी रस्त्यात उभा राहिलो असतो. ऐंशीने, एसी चालू ठेवून, गाडी गेली असती १३०. कोल्हापूर गाठून वर दहा किलोमीटर शिल्लक. १२० किलोमीटरना शंभराने लागतात ७२ मिनिटे, ऐंशीने ९०. फरक अठरा मिनिटांचा.

हा भागाकार मी अनेकदा करून पाहिला. उत्तर तेच येते.

मग साडेचारशेचा आकडा आला कुठून? तो खोटा नव्हता. आपल्याकडे वाहनांची चाचणी ज्या ठरलेल्या क्रमाने होते तिला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. गाडी रस्त्यावर न जाता प्रयोगशाळेतल्या रुळांवर चालते. एक फेरी सुमारे वीस मिनिटांची आणि पावणेअकरा किलोमीटरच्या आतबाहेरची. सरासरी वेग पडतो ताशी ३२-३३. शहरी भागात वेग पन्नासच्या वर जात नाही, दुसऱ्या भागात नव्वदच्या वर नाही. हवा बेताची, एसी बंद. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय या संस्थेचे आवार ओळखीचे आहे. अशा चाचण्या घेणारी ही देशातली प्रमुख संस्था. वर्षानुवर्षे तिच्या कुंपणाजवळून मी फिरायला जात होतो. आत जी गृहीतके मांडली जात होती, त्यांत एप्रिलमधली दुपार नव्हती, शंभराचा काटा नव्हता आणि मागच्या सीटवर ७६ वर्षांची बाई नव्हती.

या आकड्यावरून सरकारदरबारीही वाद झाला आहे. जाहीर केलेला पल्ला मिळत नाही अशा एका ग्राहकाच्या तक्रारीवरून दिल्ली सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये एका गाडीचे अनुदान स्थगित केले. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. कंपनीचे म्हणणे, आकडा अधिकृत चाचणीतला आहे. ग्राहकाचे म्हणणे, मी गाडी चाचणीत चालवत नाही, रस्त्यावर चालवतो. माझ्या मते दोघांचेही खरे होते. पुढे कंपन्याही थोड्या मोकळेपणाने बोलू लागल्या. २०२४ साली टाटा मोटर्सने ‘कर्व्ह’ आणली, तेव्हा मोठ्या बॅटरीच्या गाडीचा चाचणीतला पल्ला ५८५ किलोमीटर सांगितलाच, पण प्रत्यक्ष वापरात ४०० ते ४२५ मिळतील असेही सांगितले. गृहीतकांचे पान पहिल्यांदाच मोठ्या टाइपात छापले गेले म्हणायचे.

आता हवामानाकडे. आपल्याकडे उन्हाळ्याची धास्ती, थंड देशांत हिवाळ्याची, आणि त्यांची जास्त खरी. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच विजेच्या गाड्या तपासल्या. ३५ अंश तापमानात एसी लावून पल्ला सरासरी १७ टक्क्यांनी घटला. उणे ७ अंशांच्या आसपास, आत ऊब करणारी यंत्रणा लावून, ४१ टक्क्यांनी. ती न लावता फक्त थंडीने घट होती १२ टक्के. म्हणजे मोठा खर्च बॅटरीच्या कुडकुडण्याचा नव्हे, माणसाच्या उबेचा.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. पेट्रोलचे इंजिन हा उधळ्या गृहस्थ. त्याच्या पेट्रोलमधली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा चाके फिरवते, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. थंडीत तीच उष्णता आत सोडली की झाले, ऊब फुकट. विजेची मोटर काटकसरी. तिच्या घरात वाया जाणारेच काही नाही, म्हणून पाहुण्याला शेकोटी हवी तर लाकडे विकत आणावी लागतात. शिवाय थंडीत बॅटरीतले लिथियमचे कण सुस्तावतात, वीज द्यायला आणि घ्यायलाही कुरकुरतात. २०२४ च्या जानेवारीत शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केंद्रांबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या आणि काही तिथेच बंद पडल्या, ती बातमी अनेकांना आठवत असेल. पण नॉर्वेत शिकागोपेक्षा काही कमी थंडी पडत नाही आणि तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तिथली मोटारचालकांची संघटना हिवाळ्यात मुद्दाम गाड्या बाहेर काढून पार थांबेपर्यंत चालवते आणि कोणती किती गेली ते छापते. कुणाचा पल्ला दहा टक्क्यांच्या आसपास घटतो, कुणाचा तीस. लोक ते आकडे वाचून गाडी घेतात आणि थंडीत निघण्यापूर्वी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच ती आतून गरम करून घेतात. खर्च घरच्या मीटरवर, बॅटरीवर नाही.

हे आपल्यालाही उलट्या बाजूने करता येते. उन्हात तापलेली गाडी थंड करताना पहिली काही मिनिटे एसी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो. ते काम चार्जरला असतानाच उरकावे, गाडी सावलीत लावावी. आणि शहरात मात्र एसीचा हिशेब वेगळा आहे हे लक्षात ठेवावे. संध्याकाळी कोंडीत गाडी तासाला बारा किलोमीटर सरकत असेल, तर एसीचे तासाचे सव्वा युनिट त्या बारा किलोमीटरवरच पडते, म्हणजे जवळजवळ गाडी चालवायला लागते तितकीच वीज एसीला. हमरस्त्यावर तेच सव्वा युनिट ऐंशी किलोमीटरमध्ये वाटले जाते. आपण उलटेच करतो. शहरात कोंडीत निवांत गारवा खातो आणि हमरस्त्यावर पल्ल्याच्या धास्तीने एसी बंद करून शंभराने पळतो.

पायाची सवय हा यातला आणखी एक भाग. माझ्यापेक्षा सौ. चालवते तेव्हा गाडी एका भरण्यात तीस-चाळीस किलोमीटर जास्त जाते. पूर्वी मला हा योगायोग वाटे. मग एकदा शेजारी बसून नीट पाहिले. पुढे लाल दिवा दिसला की तिचा पाय दोनशे मीटर आधीच उचलला जातो. स्कूटरवर वीस वर्षे काढलेल्या बाईची ती सवय. मी शेवटपर्यंत दाबत जातो आणि मग ब्रेक. विजेच्या गाडीत ब्रेक लावताना मोटर उलटी वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते हे खरे, पण दिलेल्या रुपयाचे सत्तर पैसेच परत येतात म्हणा. रुपया मुळात न देणारी बाई पुढे राहणारच.

घाटातही हाच न्याय. वाईहून महाबळेश्वर चढायला, साडेसहाशे मीटरची उंची आणि माणसे धरून अठराशे किलोची गाडी, याला निव्वळ उचलण्याचे सव्वातीन युनिट लागतात. उतरताना दोनेक परत मिळतात. मी एकदा शहाणपणा करून महाबळेश्वरला बॅटरी शंभर टक्के भरून निघालो. भरलेल्या हंड्यात पाणी कुठे ओतणार? सुरुवातीच्या उतारावर बॅटरीने परतीची वीज घ्यायलाच नकार दिला आणि सगळा भार साध्या ब्रेकवर आला. तेव्हापासून डोंगरावरून निघताना नव्वदच्या आतच भरतो.

आणि पडद्यावरचा तो ‘पुढचा पल्ला’? ते भाकीत असते, मागच्या काही किलोमीटरांच्या सरासरीवरून बांधलेले. आठवडाभर गावात हळूहळू फिरून सकाळी पाहिले तर तो आकडा भरघोस दिसतो, आणि हमरस्त्याला लागले की दर दहा किलोमीटरला पंधराने घसरतो. खातेदाराच्या मागच्या महिन्याच्या शिलकेवरून पुढच्या महिन्याचा धनादेश वटवू नये, इतके मला नोकरीत कळत होते.

आक्का त्यानंतर चार वेळा माझ्या गाडीतून आली-गेली. आता ती पुढे बसते. एसी तिच्या हातात असतो. कराडला अर्धा तास थांबतो, गाडी चार्जिंगला लावून चहा घेतो. उंब्रजची ती रसवंती उघडी असली तर तिथेही. मागच्या खेपेला साताऱ्यानंतर एक ट्रॅव्हल्सची बस जोरात हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेली आणि माझा पाय जरा दाबला गेला. आक्काने पडद्याकडे बोट दाखवले. काटा ८८ वर होता. “किती म्हणाला होतास तू?” तिने विचारले. मी पाय उचलला. साडेचारच्या सुमाराला कोल्हापुरात पोहोचलो, बॅटरी ३१ टक्के होती, ते मी वहीत लिहून ठेवले.