प्रस्थान

माझ्या सासूबाई मुहूर्ताच्या पक्क्या. मुहूर्त पहाटेचा अन् एस्टी दुपारची असली, की त्या ‘प्रस्थान’ ठेवायच्या. म्हणजे तांदूळ-सुपारीची पुरचुंडी मुहूर्तावर शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायची. झालं, निघालो! मग दुपारी ती उचलून खुशाल गाडी गाठायची. मला हसू यायचं.

पण मैत्रिणींनो, माउलींची पालखी तरी काय करते? ज्येष्ठ वद्य अष्टमीला देवळातून निघते, रात्रीचा मुक्काम मात्र आळंदीतच, आजोळघरी. पुण्याची वाट दुसऱ्या दिवशी.

वारीला जायचं, असं मी बारा वर्षं घोकतेय. कधी मुलांची दहावी, कधी कुणाचं आजारपण. यंदा अष्टमीलाच कपड्यांची पिशवी शेजारी ठेवून आले. रात्री ह्यांनी विचारलं, “मग, निघणार कधी?”

म्हटलं, “निघालेय.”