पानामागचा सांधा

शिरूरचा शेतकरी मोबाईलवर सातबारा पाहावयास बसतो. जिल्हा निवडला की तालुके येतात, तालुका निवडला की गावे. यादी अशी जागच्या जागी बदलण्याचे काम बहुधा जावास्क्रिप्टचे असते. ही भाषा १९९५ सालची. परंतु पानावरील यादी, बटण, चौकट हे घटक ब्राउझरच्या इंजिनात राहतात, आणि इंजिन मुख्यतः सी-प्लस-प्लस या निराळ्या भाषेत लिहिलेले असते. दोघांमध्ये दुभाष्या लागतो. आज त्या सांध्याच्या तपासणीविषयी बोलावयाचे आहे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कामगारांत वावरल्यामुळे ही गोष्ट उमगली, इतकेच.

रसायनाच्या टाकीत उतरणारा प्रत्येक फिटर व्हॉल्व्हवर आपला टॅग अडकवितो. शेवटचा टॅग निघेतो व्हॉल्व्ह उघडावयाचा नाही. इंजिनातही घटक वापरणाऱ्याने टॅग लावावयाचा. शेवटचा निघाला की ती जागा दुसऱ्यास मिळते. जावास्क्रिप्टकडे टॅग नाहीत. तिथे झाडूवाला अधूनमधून फेरी मारून बिनकामाचे उचलतो. दोन खाती, दोन रिवाज!

आता पाहा. इंजिन यादीवर काम करीत असता ‘निवड बदलली’ ही वर्दी स्क्रिप्टला देते. स्क्रिप्ट ती यादीच काढून टाकते. इंजिन परतून जुन्याच पत्त्यावर हात घालते, आणि तिथे चोराने मुद्दाम ठेवलेला माल असू शकतो. क्रोमियमच्या मंडळींनी २०२० साली सांगितले की, त्यांच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापराचे आहेत, आणि त्यांतले निम्मे याच जातीचे.

वेबकिट या इंजिनात बदल सहसा लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने वाचून मंजूर करावा लागतो. जोडकामाचा बराच भाग आता यंत्रच लिहिते. हाताने लिहिलेल्या भागात तपासनिसाने विचारावयाचे ते हे : या दोन ओळींच्या मध्ये स्क्रिप्ट चालू शकेल काय? शकत असेल तर टॅग कोणाचा? उपाय एका ओळीचा असतो. पण चुकलेली ओळ डोळ्यांस दिसते, न लिहिलेली दिसत नाही. म्हणून हे काम घाईचे नव्हे. एका कारखान्यात (नाव घेत नाही) आठवड्याच्या परवान्यांवर सोमवारीच सह्या होत. आम्ही टाकीत उतरण्यास नकार दिला, तेव्हा परवाना टाकीच्या तोंडाशी लिहू लागले.

चांगला तपासनीस आणखी एक मागतो : मधेच यादी काढून टाकणारे छोटे पान. ते चाचणी म्हणून जपून ठेवतात आणि पुढच्या बदलांच्या वेळी पुन्हा चालवून पाहतात.