उपमेतून उलगडणारी मूलपेशी

मनुष्याच्या अस्थिमज्जेत काही पेशी अशा असतात की, त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि त्याचबरोबर रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशींनाही जन्म देतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिची जागा घेणारी पेशी याच भांडारातून येते. अशा पेशींना मूलपेशी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशींची ओळख सामान्य जनांना कशी व्हावी? येथे कवीची उपमा आणि चित्रकाराची रेषा विज्ञानाच्या साहाय्यास येतात.

मुळात हे नावच एक उपमा आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने १८६८ साली सर्व बहुपेशीय जीवांच्या एकपेशीय पूर्वजाला वृक्षाच्या खोडावरून नाव दिले. मराठीने खोडाऐवजी मूळ पसंत केले. हेकेल स्वतः कुशल चित्रकार होता. परंतु निरनिराळ्या प्राण्यांच्या गर्भांतील साम्य त्याने चित्रांत वाजवीपेक्षा अधिक दाखविले, असा आक्षेप त्याच्या हयातीतच घेण्यात आला. सुंदर चित्र सत्य असतेच असे नाही, हा यातील धडा होय.

ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉडिंग्टन याच्या १९४० सालच्या ग्रंथाच्या आरंभी जॉन पायपर या चित्रकाराने काढलेले नदीच्या खोऱ्याचे चित्र आहे. पुढे १९५७ साली वॉडिंग्टनने डोंगरउतारावरील चेंडूचे चित्र दिले. उतारावर दऱ्यांना फाटे फुटतात. चेंडू ज्या दरीत शिरेल, तिच्या तळाशी जाऊन थांबतो. त्याचप्रमाणे वाढत्या गर्भातील पेशी हळूहळू स्नायूची, त्वचेची वा मज्जातंतूची होते. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या योगाने उंदराच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूलपेशींसारखी अवस्था आणली, तेव्हा चेंडू डोंगरमाथ्यावर परत चढला, असे त्याच चित्राच्या आधारे सांगता आले. जॉन गर्डन यांच्यासमवेत त्यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि पेशीत डोंगर नाही आणि चेंडूही नाही, हे वाचकाने विसरू नये.

हा विवेक का हवा? कारण या विषयाशी रोग्यांची आशा निगडित आहे. 'होप बियाँड हाइप' ही युरोपातील चित्रकथा १९८३ साली भाजलेल्या दोन मुलांवर प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचेने झालेल्या उपचारांपासून सुरू होते, आणि शोधापासून औषधापर्यंतची वाट किती लांब आहे हे दाखविते. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २००७ सालच्या शीर्षकात 'संशोधन' या शब्दासोबत 'उपचार' हा शब्दही होता. २०१३ साली तो वगळण्यात आला. रक्ताच्या काही विकारांवरील रक्त-मूलपेशींचे रोपण सिद्ध झालेले असले, तरी इतर बहुतेक उपयोग अद्याप चाचणीच्याच अवस्थेत आहेत. एका शब्दाने खोटी आशा जागू शकते, हे त्या बदलातून ध्यानी येते.

शब्दाचे हे सामर्थ्य कवीइतके कोण जाणतो? रोग्याचे वाट पाहणे, त्याची भीती, संशोधकाचा धीर यांना कविता वाचा देऊ शकते. मात्र आशेला धीराची जोड देणारी कविताच विज्ञानाची खरी सखी ठरेल.