शेजारच्या रकान्यातला ‘नाही’

मुलुंडच्या, लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी फाइलमध्ये एमआरआय सगळ्यात वर लावलाय. ‘एल-४, एल-५’मधली चकती सरकलेली, पायाकडे जाणारी नस दबलेली. मी मात्र खालचा कागद आधी काढला: निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा.

बोर्डात काय झालं, ते साहेबांनी दिवाणावर आडवं होऊनच दाखवलं. डॉक्टरांनी गुडघा न वाकवता पाय वर उचलला, किती अंशांवर कळ आली ते टिपलं. मग उभं राहून पुढे वाकायचं, बाजूला वळायचं. अंगठ्यातला जोर, पोटरीवरची बधिरता, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं. लोकलमध्ये ठाण्यापर्यंतही त्यांना बसवत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. अपंगत्वाचा आकडा आला २० टक्के. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला अपंगत्वाच्या पेन्शनसाठी किमान तेवढे लागतातच.

तरीही पैसे अडले ते शेजारच्या रकान्यात. आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? दोन्हींपुढे ‘नाही’. कारण एका ओळीचं: दुखणं शांत ठाण्यावर (‘पीस स्टेशन’वर) असताना सुरू झालं. मला हे अजिबात पटत नाही. चकती काही बदलीच्या तारखेला झिजत नाही. डोंगरातल्या चौक्यांवर पाठीवर ओझी वाहून झाली आणि मग दुखणं पुण्यात कागदावर आलं, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे: भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतूनच आला असं गृहीत धरायचं, बोर्डाचं मत वेगळं असेल तर त्याने कारणं लिहायची.

त्या ‘नाही’ची किंमत बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाचे ३० टक्के, म्हणजे २० टक्क्यांना ६. पण २० ते ४९ असेल तर ५० धरतात, मग १५. मुदत पुरी केलेल्यांनाही ही वाढ मिळते, हे २०१४ च्या राम अवतार निकालाने पक्कं झालं. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदलले, साहेब त्याआधीचे.)

आता आम्ही पहिलं अपील लिहितोय. भरतीच्या तपासणीचा कागद आणि प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा रेकॉर्ड ऑफिसकडून मागवल्यात. नकार आला तर दुसरं अपील, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.